रंभा, मु. कातळवाडी

प्रताप नगर, नागपूर
२२ जुलै २०२४

चि. उन्नतीस दादाजीचे आशीर्वाद.

तुझं मे महिन्यातलं पत्र केव्हाच मिळालं होतं. उत्तराला इतका उशीर झाला, मनात काही आणू नको. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, लिहायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं. मला मात्र रोज हीच काळजी, की म्हाताऱ्यानं पत्र वाचलंच नाही असं तू समजत असशील. करिष्मानं वाचून दाखवलं होतं. पण तुझी आत्या वाचते ते बातम्या दिल्यासारखं भरभर. काल नवा चष्मा आला तेव्हा मी स्वतः सावकाश वाचलं. फोनवर मला तुझं बोलणं नुसतं घरघर ऐकू येतं. आपलं पत्रच बरं.

पत्रासोबतचा फोटो पाहिला. आधी वाटलं, कोणाच्या कापडाचा तुकडा पाण्यात पडला आहे. जांभळा रंग, कडेनं पिवळी किनार, अंगभर पांढरे ठिपके. मी करिष्माला म्हटलं, "अवं, हे तं तुह्या मायची साडी होय." तिनं फोटो हातात घेतला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला. तीच साडी. महालातल्या बाजारातून घेतलेली, करिष्माच्या लग्नात तुझी आजी नेसली होती ती. अजून पेटीत आहे, डांबरगोळ्या घालून.

तू लिहिलंस की ही समुद्रातली गोगलगाय आहे, अशी याआधी कोणी नोंदलेली नाही, शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं, आणि तू आजीचं नाव देणार आहेस. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो.

माझं काम तुला माहीत आहे. इथल्या वाडी नाक्याच्या ट्रान्सपोर्ट गोदामात सारी उमर मी गठ्ठ्यांवर मार्का टाकला. कुंचला आणि काळा रंग. वर घेणाऱ्याचं नाव, खाली त्याचा मुक्काम. नाव-मुक्काम नसलेला गठ्ठा कोपऱ्यात पडून सडतो, त्याला कोणी विचारत नाही. साऱ्या मुलखातल्या व्यापाऱ्यांची नावं मी लिहिली, तुझ्या आजीचं नाव मात्र कशावर लिहायची वेळ आली नाही. घर माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, तिला सारे करिष्माची आई म्हणत. लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीनं 'रंभा' लिहिलं होतं, ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. आता ती नाही. दोन-चार म्हातारे गेले की हे नाव घेणारंही कोणी राहणार नाही. तू एवढं काम केलंस तर माझ्या जिवाचा घोर जाईल.

आता विचारतो. ती विषारी आहे का? हातात घेऊ नको. खडकावर शेवाळ असतं, रबरी चपला घालून जा. भरतीची वेळ तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नको. एकटी तर जाऊच नको. नाव पक्कं झालं का ते कळव.

तुझा
दादाजी


कातळवाडी, ता. मालवण
६ ऑगस्ट २०२४

ती. दादाजी, नमस्कार.

डोळ्यात औषध वेळेवर घाला आणि चष्मा काढून कपाळावर ठेवायची सवय सोडा.

साडीचं वाचलं आणि मी फोटो पुन्हा काढून बघितला. इतके दिवस मी त्या रंगांची मोजमापं घेत होते, पण साडी मला दिसली नव्हती. आता दुसरं काही दिसतच नाही.

ती विषारी आहे, पण चावत नाही, घाबरू नका. आपल्याकडच्या गोगलगाई पाठीवर शंख घेऊन फिरतात. हिला शंख नाही, अंग सगळं उघडं. ही एकाच जातीचा स्पंज खाते. तो स्पंज विषारी असतो. ते विष ही न पचवता आपल्या कातडीत साठवून ठेवते, आणि मग असले भडक रंग दाखवून माशांना सांगते की माझ्या वाटेला जाऊ नका. आजी कशी भांडायची नाही, नुसती बघायची, तसं. डोक्यावर दोन शिंगं आहेत. पाठीवर फुलासारखा पिसांचा झुबका आहे, ते तिचे कल्ले. अंडी घालते तेव्हा पांढरी फीत चकलीसारखी गोल गोल गुंडाळून खडकाला चिकटवते. डोळे नावालाच आहेत. उजेड-अंधार तेवढा कळतो. स्वतःचा रंग तिनं कधी पाहिलेला नाही.

नावाचं आमच्या संशोधनाच्या सरांनाही आवडलं. पण अजून खूप काम आहे. मोजमाप, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, मग लिहायचं, ते दुसरे जाणकार तपासणार, मग छापून येणार. त्याला काही महिने जातील. तोवर नाव आणि जागा दोन्ही बाहेर जायला नको, म्हणून कोणाला सांगू नका. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर ही मला एकाच ठिकाणच्या डबक्यांत दिसली आहे. सध्या समुद्र खवळलेला आहे. दिवाळीनंतर ओहोटीला पुन्हा बघायला जाईन.

चपला घालते. एकटी जात नाही.

तुमची
उन्नती


प्रताप नगर, नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस दादाजीचे आशीर्वाद.

आज खूप लिहायचं आहे. तू सांगितलंस तसं मी तोंड बंद ठेवलं. गल्लीतल्या यमुताईनं दोनदा विचारलं, पोरगी काय करून राहिली तिकडं, तर मी म्हटलं अभ्यास. पण मग करिष्मा म्हणाली की पहिले तीन महिने सांगायचं नसतं, त्यानंतर हरकत नाही. खरंच आहे. तुझ्या वेळीही आम्ही तीन महिने कोणाला कळू दिलं नव्हतं. श्रावण, भादवा, आश्विन गेले, दिवाळीही झाली. म्हणून परवा आम्ही बारसं केलं.

पाळणा पलीकडच्या चिन्मयीनं दिला, तिचं पोरगं आता पळतं. फोटो मोठा करून आणला, त्यावर प्लॅस्टिक चढवलं. त्याच्याखाली मी माझ्या हातानं मार्का टाकला. वर 'रंभा' आणि खाली 'मु. कातळवाडी, ता. मालवण'. कुंचला धरला तसं अक्षर आलं. गोदाम सोडल्यापासून पहिल्यांदाच. फोटो पाळण्यात ठेवला, वर तुझ्या आजीची साडी पांघरली, म्हणजे कोणालाही शंका नको.

यमुताईनं पाळणा म्हटला. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणून करिष्मा वाकली, तर यमुताई विचारते, "थांब वं, इचा कान कुठं हाय?" बायका हसायला लागल्या. कोणालाच कान सापडेना. शेवटी यमुताईच म्हणाली, "शिंगापाशी सांग, तिथंच असंन." मग करिष्मानं शिंगापाशी वाकून 'रंभा' म्हटलं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. एकजण म्हणाली, आमच्या कुंडीत गोगलगाय निघाली की आम्ही मीठ टाकून मारतो. मी म्हटलं, ही मिठातच राहते, हिला काय करशील? घुगऱ्या कमी पडल्या, इतके लोक आले. सारे रंभाबाई, रंभाबाई करत होते. तिच्या जिवंतपणी तिला कोणी एवढ्यांदा हाक मारली नसेल.

जावई विक्कीजींनी सारं मोबाईलवर घेतलं आणि टाकलं. ते वाडीच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहेत, तिथले ड्रायव्हरसुद्धा बघतात म्हणे. पार दक्षिणेकडच्या लोकांनी पाहिलं, असं त्यांनी सांगितलं.

तू असायला हवी होतीस. तुझ्या वाटच्या घुगऱ्या पाखरांना घातल्या. छापून कधी येतं ते कळव.

तुझा
दादाजी


कातळवाडी
११ डिसेंबर २०२४

ती. दादाजी, नमस्कार.

पत्र मिळालं. बारशाचं वाचून आधी हसू आलं. ती शिंगं म्हणजे तिचं नाक असतं, कान नाही.

तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा. आजच सांगा. फोटोखाली जागेचं नाव स्पष्ट वाचता येतं.

बाकी ठीक आहे. कामात आहे. नावाचं नंतर लिहीन.

उन्नती


प्रताप नगर, नागपूर
२० डिसेंबर २०२४

चि. उन्नतीस दादाजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं आणि मी त्याच पावली करिष्माकडे गेलो. विक्कीजी म्हणाले, "बाबूजी, काढला समजा." आज सकाळी पुन्हा विचारलं तर म्हणाले काढला. तेव्हा ते काम झालं, त्याची काळजी सोड.

पण पत्र इतकं लहान का? तुला बरं नाही का? तिथं खाण्यापिण्याचे हाल आहेत का? सर काही बोलले का? तू 'आधी' हसू आलं असं लिहिलंस. आधी हसू आलं, मग काय आलं? मी हा शब्द मोहितलाही दाखवला. आपला शेजारचा मोहित, बँकेत आहे तो. तो म्हणाला, दादाजी, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, कामात असेल. असेलही. पण तू आजवर 'तुमची उन्नती' लिहायचीस. या पत्रात नुसतं 'उन्नती' आहे.

मुक्काम लिहिण्यात माझं काय चुकलं ते मला नीट समजलं नाही. नाव टाकलं की मुक्काम टाकायचाच, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. नुसतं नाव टाकलं तर माल जाणार कुठं?

तुझ्या आजीचं श्राद्ध चैत्रात येतं. यंदा सारे येणार आहेत, काटोलचे, उमरेडचे. त्याआधी छापलेला कागद आला तर तिच्या फोटोपाशी ठेवीन. मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे. कळव.

तुझा
दादाजी


पोस्टकार्ड, नागपूर
३ मार्च २०२५

चि. उन्नतीस आशीर्वाद.

माझ्या पत्राचं उत्तर नाही. मागाहून संक्रांतीला तिळगूळ पाठवला त्याचीही पोच नाही. करिष्माला फोनवर तू ठीक आहे एवढंच म्हणालीस. पोस्टमन आता गल्लीच्या तोंडाशी आला की लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. रागावली असशील तर रागावल्याचं लिही.

दादाजी


प्रताप नगर, नागपूर
२० एप्रिल २०२५

उन्नती,

परवा तुझ्या आजीचं श्राद्ध झालं. घर भरलं होतं. पानं मांडली होती. मोहितही आला होता, तो भिंतीशी बसून मोबाईल बघत होता. एकदम त्यानं मोबाईल पालथा घातला आणि बँकेत काम आहे म्हणून उठला. सुटीच्या दिवशी कसली बँक? मी म्हटलं, काय झालं गा, जेवून तं जा. तो म्हणाला काही नाही दादाजी. त्याचा चेहरा पाहून करिष्मानं मोबाईल मागून घेतला.

तुला सांगायला नको त्यात काय होतं. समुद्रातल्या नव्या गोगलगायीची बातमी. आपलाच फोटो. जांभळा रंग, पिवळी किनार. आणि नाव दीपमाला.

मोबाईल हातोहात फिरला. उमरेडवाल्यांनी पाहिला, काटोलवाल्यांनी पाहिला. यमुताईनं विचारलं, "हे दीपमाला कोण होय?" वाढणाऱ्या बायका थांबल्या. मग कोणीतरी हलकेच म्हणालं की म्हातारा तर पाळणा हलवून बसला होता. ते मला ऐकू आलं. एरवी मला काही ऐकू येत नाही, ते बरोबर ऐकू आलं.

बातमीच्या शेवटी शोधणाऱ्यांत तुझं नाव आहे. मी वाचलं. ते नीट छापलं आहे.

आमच्या गोदामात एका गठ्ठ्यावरचं नाव खरवडून त्यावर दुसऱ्याचं नाव टाकणं याला चोरी म्हणत. असं करणाऱ्याला कोणी पुन्हा उभं करत नसे. तू परक्या कोणाचं नाव खरवडलं असतंस तरी मला वाईट वाटलं असतं. तू तर तिचं खरवडलंस. तुझे आईबाबा भिलाईला नोकरीवर, तू लहानाची मोठी तिच्या हातावर झालीस. तुला समुद्राचं शिकायचं होतं तेव्हा घरात सारे नाही म्हणाले. मीही म्हणालो, नागपूरच्या पोरीचं समुद्रात काय काम? ती एकटी म्हणाली, "जाऊ द्या तिले. मी पाहतो कोण अडवते." ज्या बाईनं समुद्र कधी पाहिला नाही, तिनं तुला समुद्राकडे धाडलं.

मला विचारलं असतंस तर मी रडलो असतो आणि शेवटी हो म्हटलं असतं. तू विचारलं नाहीस. झाल्यावर सांगितलंही नाहीस. मी हिवाळाभर पोस्टमनच्या तोंडाकडे पाहत होतो आणि तुला सारं माहीत होतं. याला दगा म्हणतात. दुसरा शब्द मला येत नाही.

फोटो भिंतीवरून काढून पेटीत साडीखाली ठेवला आहे. उत्तर लिहायची गरज नाही.

दादाजी


कातळवाडी
२९ एप्रिल २०२५

ती. दादाजी, नमस्कार.

गरज नाही म्हणालात तरी लिहिते आहे. आधी लिहायला हवं होतं. रोज कागद घेऊन बसायचे आणि तुमचं बारशाचं पत्र काढून वाचायचे, की पुढे लिहवत नसे.

दीपमाला हे आमच्या सरांच्या आईचं नाव. पण सरांनी ते लादलं नाही. मला दोनदा विचारलं, आजीचं नाव नक्की काढायचं का? दोन्ही वेळा मी हो म्हणाले. नाव मी काढलं, दादाजी. मी स्वतः.

तुमचं बारशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात ओहोटीला मी डबक्यांकडे गेले होते. तिथं आमच्याआधी माणसं येऊन गेली होती. काचेच्या पेटीत शोभेचे मासे ठेवतात ना, त्यांचा माल पुरवणारी. दगड उलथून टाकलेले होते. जो स्पंज ही खाते तो पायाखाली चिरडलेला होता. एका डबक्यात एक सापडली, तीही अर्धी. गावातल्या पोरांनी सांगितलं, ते लोक मोबाईलवर बारशाचा व्हिडिओ दाखवून जागा विचारत होते. मुक्काम तुम्ही लिहिला होता. तो वाचून ते आले.

मी तुम्हाला व्हिडिओ काढायला सांगितलं. तुम्ही लिहिलंत, काढला. मी बघितलं तर तो तसाच होता. जानेवारीत होता, फेब्रुवारीत होता, आणि बघणारे वाढतच होते. मला वाटलं, आजीचं नाव गाजतंय म्हणून तुम्हालाच तो ठेवायचा आहे आणि माझ्याशी खोटं बोललात. दगा दिला असं मलाही वाटलं. म्हणून तिळगुळाची पोच दिली नाही.

पुढचं सांगू नये असं ठरवलं होतं. जानेवारीत कामासाठी कोल्हापूरला गेले होते. तिथल्या एका दुकानात पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या. एका पिशवीत ही होती, मेलेली, रंग उतरलेला. पिशवीवर लिहिलं होतं 'रंभा'. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, आता याच नावानं चालते. धंद्यात तेच नाव पडलंय. एकाच जातीचं खाणं लागतं हे त्यांना माहीत नाही, त्यामुळे काही दिवसांतच मरतात, मग दुसऱ्या आणतात.

मी ती पिशवी बघितली आणि ठरवलं की छापून येईल त्या कागदावर हे नाव नको. तो कागद वाचून उद्या कोणी शोधायला लागलं, तर त्याच्यापुढे आधी ही पिशवी येणार. आजीचं नाव वाचवायचं म्हणून मी ते काढलं. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं हे कळतं. पण विचारायचं तर पिशवीचं सांगावं लागलं असतं. मार्का तुमच्या हातचा होता. ते तुम्हाला सोसलं नसतं.

आता या किनाऱ्यावर ती एकही दिसत नाही. मी प्रत्येक ओहोटीला जाते.

तुमची
उन्नती


प्रताप नगर, नागपूर
८ मे २०२५

चि. उन्नतीस दादाजीचे आशीर्वाद.

हे पत्र मोहित त्याच्या मोबाईलवर फोटो काढून तुला धाडणार आहे. डाकेनं पोचेपर्यंत वेळ राहायचा नाही, म्हणून. कारण खाली लिहितो. आधी दोन गोष्टी.

तुझं पत्र मी करिष्माला वाचायला दिलं. तिनं विक्कीला समोर बसवलं. तो म्हणाला, काढला होता हो बाबूजी, पण लोक लय मागत होते, म्हणून त्याच रात्री पुन्हा टाकला. तुमच्याच घरचं नाव मोठं होत होतं, असं मलाच ऐकवलं. मी सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, आणि मी ते माझ्या हातानं तुला लिहिलं. आता करिष्मानं स्वतः समोर बसून काढायला लावला. मोहितनं शोधून पाहिलं, नाही. करिष्मा विक्कीशी बोलत नाही.

दुसरी गोष्ट. तुझ्यावरचा राग गेला असं समजू नको. मला सोसलं नसतं हे तू कसं ठरवलं? मी नव्वद किलोचे गठ्ठे पाठीवर सोसले आहेत. पण ते तू घरी आलीस की बोलू. आता वेळ नाही.

तुझ्या पत्रातली ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. काल सकाळी मी मोहितला म्हटलं, महालात ते शोभेच्या माशांचं दुकान आहे, तिथं मला ने. डोक्याला दुपट्टा बांधून स्कूटरवर गेलो. ऊन तुला माहीतच आहे. दुकानात खारं पाणी भरलेली एक वेगळी पेटी होती. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली होती. 'रंभा', आणि खाली लहान अक्षरात 'मु. कातळवाडी, ता. मालवण'. उन्नती, ते अक्षर माझं होतं. 'भ'चा काना मी जसा खाली ओढतो तसाच ओढलेला. व्हिडिओतून कापून छापलं होतं.

मालकानं विचारलं, "घेता का काका? ओरिजिनल माल हाय. आता हे शेवटचीच, तिकडून येनं बंद झालं." मी विचारलं, खाते काय? तो म्हणाला, "काहीच खात नाही, काही झंझट नाही." किती दिवस राहते, तर म्हणाला चार-पाच दिवस, शोभेला लय मस्त दिसते. मोहितनं माझा दंड धरून ठेवला होता. काहून धरला ते मला कळलं. पण मी काही केलं नाही. मी म्हटलं, ही द्या, आणि हिचंच पाणी कॅनमध्ये भरून द्या.

आता ती माझ्यासमोर आहे. तुझ्या आजीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत. साबण न लावता नुसत्या पाण्यानं बरणी धुतली, बरोबर केलं का? ती बरणी कूलरच्या तोंडाशी ठेवली आहे. पाणी गरम होऊ नये म्हणून बाहेरून ओला फडका गुंडाळतो, वाळला की बदलतो. दुकानदारानं हवा सोडायचं छोटं यंत्र दिलं आहे, ते लावलं. तिचा रंग फोटोतल्यापेक्षा फिका आहे. किनारीचा पिवळा गेल्यासारखाच आहे. पण शिंगं हलवते. मी बोट काचेजवळ नेलं तर तिनं ती आत ओढली आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढली.

आणि आज सकाळी पाहतो तर बरणीच्या आतून काचेला एक पांढरी फीत चिकटली आहे. बारीक, गोल गोल गुंडाळलेली, कोणी चकली पाडावी तशी. मी घाबरलो, वाटलं तिची आतडी बाहेर आली. मग चष्मा लावून तुझं पावसाळ्यातलं पत्र काढलं. तू लिहिलं होतंस तीच आहे ना? तीच असेल तर मला आता काय काय करायचं ते सांग. फीत काचेवरच राहू द्यायची का? तिला इथं काय खायला घालायचं? तो स्पंज भांडी घासायचा नसतो हे मला समजतं, हसू नको. पाणी संपलं तर दुसरं कुठून आणायचं? आणि हे सारं पुन्हा समुद्रात नेऊन सोडता येतं का? येत असेल तर मी घेऊन येतो. या वयात प्रवास झेपत नाही हे मला सांगू नको. रात्रीच्या गाडीनं निघालो तर ऊनही लागायचं नाही. तू नुसतं हो म्हण.

बरणीवर मार्का टाकायला काल कुंचला हातात घेतला होता. ठेवून दिला. बरणी कोरीच आहे. नाव नाही, मुक्काम नाही.

मोहितचा मोबाईल चालू आहे. ऊन उतरल्यावर मी त्याच्याच ओट्यावर येऊन बसलो आहे, बरणी मांडीवर घेऊन. ती शिंगं हलवते आहे तोवर कळव. लवकर कळव.

तुझा
दादाजी